दंड भरला, ऋण उरले

परदेशी निघालेल्या माणसाला निरोप देताना आपण पुष्कळ गोष्टींची आठवण करून देतो. पासपोर्ट आतल्या खिशात ठेव, औषधे हातातल्या पिशवीत असू देत, पोहोचल्याबरोबर फोन कर. घरातील वडीलधारी माणसे कपाळावर क्रुसाची खूण करतात. आजी स्वतःची जपमाळ नातवाच्या हाती देते. कोणाची मुलेबाळे कॅनडात तर कोणाची आखातात स्थिरावली आहेत. रोम, लूर्द, फातिमा आणि पवित्र भूमी येथील यात्राही पूर्वीइतक्या दुर्लभ राहिलेल्या नाहीत. त्यामुळे असे निरोप आमच्या गावांत नित्याचे झाले आहेत. परंतु 'तिकडे गाड्या रस्त्याच्या कोणत्या बाजूने चालतात?' असे निरोपाच्या वेळी कोणी विचारल्याचे आम्हांस स्मरत नाही. प्रश्न क्षुल्लक वाटतो, म्हणून तो राहून जातो.

तो क्षुल्लक नाही हे सांगणाऱ्या दोन घटना आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. त्या निमित्ताने एका जुन्या नैतिक प्रश्नाचा विचार व्हावा, एवढाच आमचा हेतू आहे. मनात काहीही वाईट नसताना, परक्या देशातील एका रस्त्यावर आपल्या हातून कोणाचा जीव गेला, तर न्यायालयाने सांगितलेली शिक्षा भोगून आपण मोकळे होतो काय?

पहिली घटना ५ ऑगस्ट १९८७ या दिवशीची आहे. मॅथ्यू ब्रॉडरिक हा अमेरिकन चित्रपटांतील तरुण नट सुट्टीसाठी उत्तर आयर्लंडमध्ये आला होता. फर्मॅना परगण्यात, एनिस्किलन या गावाजवळ, तो भाड्याने घेतलेली मोटार चालवीत होता. त्या देशात आपल्यासारखीच वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, अमेरिकेत उजव्या. त्याची मोटार चुकीच्या बाजूला गेली आणि समोरून येणाऱ्या दुसऱ्या मोटारीवर आदळली. त्या मोटारीत दोन स्त्रिया होत्या, आई आणि मुलगी. दोघीही जागीच मरण पावल्या. त्याचा स्वतःचा पाय मोडला व तो इस्पितळात पडून राहिला. आपण त्या बाजूला कसे गेलो हे आपल्याला मुळीच आठवत नाही, असे त्याने पोलिसांना सांगितले. त्याच्यावर ठेवलेला मूळ आरोप गंभीर होता. तो सिद्ध झाला असता तर पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास घडू शकला असता. प्रत्यक्षात पुढील वर्षी न्यायालयाने त्याला निष्काळजीपणे वाहन चालविल्याबद्दल दोषी ठरविले आणि शंभर पौंड दंड केला. मृतांच्या कुटुंबातील एकाने ही न्यायाची विटंबना आहे, असे म्हटले.

दोन जीवांची किंमत शंभर पौंड! हे ऐकून कोणाचेही मन पेटून उठावे. परंतु न्यायालयाची बाजूही समजून घेतली पाहिजे. निष्काळजीपणाचा तो गुन्हा वाहन कसे चालविले गेले याचे माप घेत होता. त्यातून काय घडले याचे नव्हे. आमच्यापैकी ज्यांनी वाहन चालविले आहे त्यांना असा एखादा क्षण आठवेल, जेव्हा डोळा लागला, लक्ष विचलित झाले, किंवा वळणावर हात नकळत जुन्या सवयीने वळला. त्या क्षणी समोरचा रस्ता रिकामा होता, म्हणून आपण घरी आलो, जेवलो आणि तो क्षण विसरून गेलो. दहा माणसांच्या हातून तीच चूक होते. नऊ जणांच्या समोर रिकामा रस्ता असतो आणि दहाव्याच्या समोर एक आई व तिची मुलगी येते. दोष सर्वांचा सारखाच. मग एकट्या दहाव्याने तुरुंगात का जावे? आणि केवळ दंड भरून तो सुटला, तर त्या दोघींच्या घरच्यांनी कोणाच्या तोंडाकडे पाहावे?

कायद्याचा काटा या दोन प्रश्नांच्या मध्ये हेलकावे घेत राहिला आहे. ब्रिटनमध्ये २००६ च्या एका कायद्याने निष्काळजीपणे वाहन चालवून मृत्यूस कारण होणे हा वेगळा गुन्हा ठरविला आणि त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद केली. आपल्याकडे भारतीय दंड संहितेच्या ३०४-अ या कलमाखाली हयगयीने मृत्यू घडविणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमाने ती पाच वर्षांपर्यंत नेली. परिणामाचे वजन आता पूर्वीपेक्षा अधिक धरले जाते, हे यावरून दिसते. परंतु शिक्षेची वर्षे वाढविल्याने आमचा मूळ प्रश्न सुटत नाही. दोन वर्षांनी जे ऋण फिटत नाही, ते पाच वर्षांनी फिटते काय?

हा प्रश्न मोटारींच्या युगातला नव्हे. जुन्या करारात अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात एक साधे उदाहरण आले आहे. एक माणूस शेजाऱ्यासह लाकडे तोडण्यास रानात जातो. तो कुऱ्हाड उगारतो, पाते दांड्यातून निसटते आणि शेजाऱ्याला लागून तो मरतो. दोघांत वैर नव्हते. अशा माणसासाठी परमेश्वराने इस्राएल लोकांना सहा शरणपुरे नेमून देण्यास सांगितले: यार्देनेच्या एका बाजूस केदेश, शखेम व हेब्रोन आणि दुसऱ्या बाजूस बेसेर, रामोथ व गोलान. मृताच्या आप्ताने संतापाच्या भरात त्याला गाठून ठार करू नये, म्हणून तिकडे जाणारे रस्तेसुद्धा नीट करून ठेवण्याची आज्ञा होती. शरणपूर हा शब्द महाराष्ट्राला परका नाही. गुलामगिरीतून सुटलेल्या आफ्रिकी मुलांना एकोणिसाव्या शतकात प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनी नाशिकजवळ ज्या वस्तीत आसरा दिला, तिचे नाव शरणपूरच होते.

या नियमांतील तीन गोष्टी आमच्या विषयाला अगदी लागून आहेत. पहिली अशी की, ही नगरे केवळ इस्राएलाच्या पुत्रांसाठी नव्हती. परदेशीय आणि तात्पुरता वस्तीस आलेला उपरा यांनाही तेथे शरण मिळावी, असे गणना या पुस्तकाच्या पस्तिसाव्या अध्यायात स्पष्ट सांगितले आहे. अपघातात सापडलेल्या परक्याचे भय किती मोठे असते, हे त्या शास्त्रकर्त्याला ठाऊक होते. भाषा येत नाही, कायदा माहीत नाही, पासपोर्ट पोलिसांच्या ताब्यात गेला आहे, वकील कोठून आणावा हे कळत नाही. हीच त्याची आजचीही अवस्था आहे. १९६३ च्या व्हिएन्ना करारातील छत्तिसाव्या कलमाने अटक झालेल्या परदेशी माणसाला आपल्या देशाच्या वकिलातीस कळविण्याची मागणी करण्याचा हक्क दिला, तो याच जातीचा आधार आहे. वकिलातीचा अधिकारी त्याला तुरुंगात येऊन भेटू शकतो, वकील मिळवून देण्यास साहाय्य करू शकतो. त्याला सोडवून मात्र आणू शकत नाही.

दुसरी गोष्ट अशी की, शरणपूर ही पळवाट नव्हती. यहोशवाच्या पुस्तकात म्हटल्याप्रमाणे त्या माणसाने नगराच्या वेशीपाशी उभे राहून वडीलमंडळींना आपली हकीकत सांगावयाची होती. त्यानंतर मंडळीसमोर त्याचा न्याय होई. सांगणे चुकविता येत नव्हते.

तिसरी गोष्ट सर्वांत विलक्षण आहे. निर्दोष ठरल्यावरही त्याला घरी जाता येत नसे. प्रमुख याजकाच्या मृत्यूपर्यंत त्याने त्या नगरातच राहावयाचे होते, आणि पैसे भरून ही मुदत कमी करून घेण्यास सक्त मनाई होती. खुनी नाही म्हणून त्याला मारावयाचे नाही. परंतु एक जीव गेला आहे म्हणून काहीच घडले नाही असे मानून त्याने आपल्या शेतावर परतावयाचेही नाही. दोष आणि ऋण यांतील भेद इतक्या प्राचीन काळी इतक्या स्पष्टपणे ओळखला गेला होता.

आमच्या शेजारधर्मानेही हा भेद जाणला आहे. चुकून मनुष्यवध घडल्यास मृताच्या कुटुंबाला भरपाई द्यावी, ती त्यांनी माफ केली तर गोष्ट वेगळी, आणि त्याखेरीज देवापुढे प्रायश्चित्त म्हणून एका दासाला मुक्त करावे. ते अशक्य असेल त्याने सलग दोन महिने उपवास करावा, असे कुराणाच्या चौथ्या अध्यायात सांगितले आहे. आखातात नोकरीस असलेल्या आमच्या बांधवांना तेथील 'दिया' या रकमेविषयी माहिती असते. परंतु त्या रकमेच्या जोडीला उपवासही सांगितला आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. कुटुंबाचे देणे पैशाने आणि देवाचे देणे देहाने, अशी ही दुहेरी फेड आहे.

कॅथॉलिक चर्चने १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या धर्मशिक्षणग्रंथात पाचव्या आज्ञेचे विवेचन करताना हाच तोल सांभाळला आहे. हेतू नसताना घडलेल्या मृत्यूचे पाप माणसाच्या माथी लागत नाही. परंतु पुरेसे कारण नसताना ज्याने दुसऱ्याच्या जीवास धोका होईल असे वर्तन केले, त्याला 'माझा हेतू नव्हता' एवढ्या शब्दावर सुटता येणार नाही. मद्याच्या धुंदीत किंवा वेगाच्या हव्यासापायी रस्त्यावर इतरांचा जीव धोक्यात घालणारे गंभीर दोषास पात्र होतात, असेही तेथे सांगितले आहे. तेव्हा तिकडचे नियम न वाचता, रात्रभराच्या विमानप्रवासाची झोप डोळ्यांवर असताना, विमानतळावरूनच भाड्याची मोटार घेऊन निघणारा प्रवासी 'मला ठाऊक नव्हते' असे म्हणू लागला, तर ते न ठाऊक असणे हाच त्याच्या दोषाचा आरंभ नव्हे काय?

आता दुसरी घटना. २७ ऑगस्ट २०१९ रोजी इंग्लंडमधील नॉर्थॅम्प्टनशायर परगण्यात, अमेरिकेच्या उपयोगात असलेल्या एका हवाई तळाबाहेर, एक अमेरिकन स्त्री मोटार चालवीत होती. ती पर्यटक नव्हती. पतीच्या सरकारी कामामुळे नुकतीच तेथे राहावयास आली होती. तीही रस्त्याच्या चुकीच्या बाजूने गेली. मोटारसायकलवरून येणारा एकोणीस वर्षांचा मुलगा तिच्या मोटारीवर आदळून मरण पावला. ती त्या ठिकाणी थांबली, पोलिसांशी बोललीही. परंतु काही आठवड्यांतच राजनैतिक संरक्षणाचा आधार घेऊन ती मायदेशी निघून गेली. तिला परत पाठविण्याची ब्रिटनची विनंती अमेरिकेने जानेवारी २०२० मध्ये फेटाळली. मुलाच्या आईवडिलांनी तीन वर्षे लढा दिला. ती परत यावी आणि इतर कोणाहीप्रमाणे न्यायासमोर उभी राहावी, ही त्यांची मागणी होती. अखेर २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये तिने अमेरिकेतूनच, दूरदर्शनच्या पडद्यावरून, निष्काळजीपणे वाहन चालवून मृत्यूस कारण झाल्याचा गुन्हा कबूल केला. डिसेंबरमध्ये लंडनच्या न्यायालयाने तिला आठ महिन्यांची स्थगित शिक्षा दिली. म्हणजे तिला तुरुंगात जावे लागले नाही.

शेवटी जी शिक्षा झाली ती पाहता, ती स्त्री इंग्लंडमध्येच राहिली असती तर काय बिघडले असते, असे मनात येते. तुरुंगाचे भय समजण्यासारखे आहे. मुलाबाळांची आई परक्या देशात एकटी सापडली, तर तिला पळून जावेसे वाटणारच. आम्ही तिच्या जागी असतो तर धीराने थांबलो असतो, असे छातीवर हात ठेवून सांगण्याचे धाडस आम्हांस होत नाही. परंतु तिच्या जाण्याने एका घरात दोन दुःखे निर्माण झाली. मुलगा गेला, हे पहिले; आणि ज्या व्यक्तीच्या हातून तो गेला तिने आपल्याकडे पाठ फिरवली, हे दुसरे. पहिले अपघाताने घडले होते. दुसरे अपघाताने घडले नव्हते.

या प्रकरणातील एक प्रसंग आम्हांस विशेष विचार करण्याजोगा वाटतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुलाचे आईवडील अमेरिकेत गेले असता त्यांना व्हाइट हाउसमध्ये बोलावणे आले. तेथे राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी त्यांना सांगितले की, ती स्त्री शेजारच्याच खोलीत आहे आणि तुम्ही तिला आता भेटू शकता. आईवडिलांनी नकार दिला. कित्येकांना हा नकार कठोर वाटला असेल. ख्रिस्ताने क्षमा शिकविली, मग समोर चालून आलेली भेट का नाकारावी? आमच्या मते त्यांचा नकार योग्यच होता. ज्यांचा मुलगा जाऊन दोन महिनेही झाले नव्हते, त्यांना पूर्वकल्पना न देता, सत्ताधाऱ्यांच्या घरात, सत्ताधाऱ्यांच्या सोयीने क्षमेला पाचारण करण्यात आले होते. तेथे जबाबदारीचा शब्द अजून उच्चारला गेला नव्हता. सांगण्याआधी सुटका मागणारी ती भेट होती. शरणपुराच्या वेशीवर उभे राहून हकीकत सांगण्याची पायरी तीत वगळली गेली होती.

२००७ साली व्हॅटिकनच्या स्थलांतरितांची व प्रवाशांची आध्यात्मिक काळजी वाहणाऱ्या मंडळाने रस्त्यावरील जीवनासंबंधी एक मार्गदर्शक पत्रक काढले. त्यात वाहनचालकांसाठी दहा आज्ञा दिल्या आहेत. वृत्तपत्रांनी त्यांची थोडी चेष्टाही केली. परंतु त्यातील सातवी आज्ञा अपघातग्रस्तांच्या कुटुंबांना आधार देण्यास सांगते. आणि आठवी, दोषी चालक व त्याच्यामुळे दुःखात पडलेली माणसे यांची भेट घडवून आणावी, म्हणजे क्षमेचा मुक्त करणारा अनुभव त्यांना घेता येईल, असे सुचविते. ही भेट योग्य वेळी व्हावी, असे तेथे आवर्जून म्हटले आहे. ही योग्य वेळ कोणती, हे ठरविण्याचा अधिकार दुःखितांचा आहे. मात्र तयार राहण्याचे कर्तव्य चालकाचे आहे.

येथे व्यवहाराची एक अडचण पुढे येते. अपघात घडल्यावर विमा कंपनीचा माणूस आणि वकील दोघेही पहिला सल्ला देतात तो हाच, की चूक कबूल करू नका, माफीचा शब्द तोंडातून काढू नका. त्यांच्या दृष्टीने तो सल्ला बरोबर असेल. परंतु 'मला फार दुःख होते' एवढे वाक्य जर माणूस मृताच्या आईला सांगू शकत नसेल, तर त्याच्या मनाचे काय होईल? समाधानाची गोष्ट ही की, काही देशांच्या कायद्याने स्वतःच हे दार थोडे उघडले आहे. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांताने २००९ साली केलेल्या कायद्यानुसार दिलगिरी व्यक्त करणे म्हणजे दोषाची कबुली असे दिवाणी दाव्यात मानले जात नाही, आणि तेवढ्यावरून विम्याचे संरक्षणही जात नाही. आमची जी मुले त्या प्रांतात राहतात, त्यांनी हे लक्षात ठेवावे.

मत्तयाच्या शुभवर्तमानातील पर्वतावरील प्रवचनात प्रभूने वेदीपाशी अर्पण घेऊन आलेल्या माणसाविषयी सांगितले आहे. आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे त्याला तेथे आठवले, तर त्याने अर्पण तसेच ठेवून आधी भावाशी समेट करण्यास जावे. हा उतारा आपण शेकडो वेळा ऐकला आहे. पण तेथे 'तू दोषी असलास तर' अशी अट नाही, हे आमच्या ध्यानी फार उशिरा आले. भावाच्या मनात काही आहे, एवढेच पुरे आहे. उठून जाण्यासाठी न्यायालयाच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही, आणि निकाल अनुकूल लागला म्हणून जाणे रद्दही होत नाही.

क्षमा मिळेलच असे नाही. ती मागण्याचा हक्क कोणालाच नसतो. ती द्यावयाची ते देतात. ज्या एनिस्किलनजवळ आमची पहिली घटना घडली, त्याच गावात तीन महिन्यांनी, ८ नोव्हेंबर १९८७ रोजी, युद्धातील मृतांच्या स्मृतिदिनी बॉम्बस्फोट झाला व अकरा माणसे ठार झाली. गॉर्डन विल्सन यांची परिचारिका असलेली मुलगी त्यात मरण पावली. आपल्या मनात मारेकऱ्यांविषयी द्वेष नाही, असे त्यांनी लगेच जाहीरपणे सांगितले. तेथे तर हेतुपुरस्सर हत्या झाली होती आणि क्षमा कोणी मागितलीही नव्हती. अपघाताच्या प्रकरणातही मृतांच्या घरच्या ज्या माणसाने निकालाला विटंबना म्हटले होते, त्यानेच पुढे त्या नटाला क्षमा केल्याचे सांगितले. दोघांची भेट व्हावयाची आहे अशी वार्ता २००३ च्या सुमारास आली होती. परंतु २०१२ सालीही ती भेट झालेली नव्हती, असे त्याच नातेवाइकाने सांगितले. कायद्याच्या वहीत हे प्रकरण १९८८ सालीच मिटले होते. आम्ही कोणाच्या अंतःकरणाचा न्याय करीत नाही. शंभर पौंडांची पावती हाती आल्यानंतरही चोवीस वर्षे काहीतरी देणे उरलेले होते, एवढेच आम्ही नोंदवितो.

परक्यांच्या गोष्टी सांगून आपण हात झटकू नयेत. आपल्या मोटार वाहन कायद्याचे १३४ वे कलम चालकाने जखमीस वैद्यकीय मदत मिळवून द्यावी असे सांगते. आणि त्यातच जमावाच्या प्रक्षोभामुळे ते शक्य नसल्यास त्याला सूटही देते. आपल्या रस्त्यांवरील जमावाविषयी कायद्यालाच असे लिहून ठेवावे लागले, ही आपल्याला मान खाली घालावयास लावणारी गोष्ट आहे. अपघातस्थळी धावून येणाऱ्या आमच्या तरुणांनी चालकाला मारहाण करण्याऐवजी जखमीला रिक्षात घातले आणि चालकाला पोलीस येईपर्यंत सुरक्षित बसवून ठेवले, तर तेच गाव त्या दिवसापुरते शरणपूर होईल. तो चालक परप्रांतीय वा परदेशी असेल तर अधिकच.

आणि आमच्यापैकी कोणावर परदेशी असा प्रसंग ओढवलाच, तर? वकिलातीस कळवावे, वकील करावा, खरे तेच सांगावे, न्यायालय बोलावील तेव्हा हजर राहावे. एवढे केले म्हणजे कायदा संतुष्ट होतो. त्यानंतर, घरी परतल्यावर, वकिलाच्या सल्ल्याने का होईना, एक पत्र लिहावे. उत्तराची अपेक्षा न ठेवता. दर वर्षी त्या तारखेस मृताच्या नावाने मिस्सा द्यावी आणि २ नोव्हेंबरला आपल्या घरच्या मृतांच्या यादीत ते परके नाव लिहावे. आमच्या चर्चमध्ये ती यादी वाचली जात असताना एखादे अनोळखी, उच्चारावयास कठीण असे नाव कानी पडले, तर कोणी मागे वळून पाहू नये. त्या घराचे ते नातेच झालेले असते.